हसू जमा, खर्च कुणाच्या नावे?

९ जुलै १९९९ रोजी अमेरिकेत ‘अमेरिकन पाय’ नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. शाळेच्या शेवटच्या वर्षातील चार मित्र, शाळा संपण्यापूर्वी स्त्रीसंगाचा अनुभव घ्यायचाच असा त्यांनी आपसांत केलेला करार, आणि तो पाळण्याच्या खटपटीत प्रत्येकाची झालेली फजिती, एवढेच त्याचे कथानक. विनोद उघडावाघडा, भाषा सैल, आणि काही प्रसंग तर असे की घरातील चार माणसांत त्यांचा नुसता उल्लेख करणेही कठीण. अशा चित्रपटाचे आपल्या कौटुंबिक मासिकात काय काम, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात उभा राहील. तो योग्यच आहे. परंतु हा चित्रपट, त्याचे पुढील भाग आणि त्याच वळणाचे इतर अनेक चित्रपट आज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर येऊ शकतात. मुले ते पाहतात, आपसांत हसतात, आणि घरात त्याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून या चित्रपटाविषयी लोकांचे म्हणणे काय होते आणि गेल्या पंचवीस वर्षांत ते कसे बदलत गेले, हे समजून घेणे पालकांच्या उपयोगाचे आहे.

लेखकाचे भाकीत

या चित्रपटाचे लेखक अॅडम हर्झ हे मिशिगन राज्यातील एका गावात वाढले आणि तेथील शाळकरी जीवनावरच त्यांनी पटकथा बेतली. निर्मात्यांकडे पाठवताना पटकथेला त्यांनी थट्टेने भलेमोठे नाव दिले होते. एक कोटी डॉलरहून कमी खर्चात होऊ शकेल, बहुतेक वाचणाऱ्यांना आवडणार नाही, पण तुम्हाला मात्र आवडेल, असा त्या नावाचा एकंदर आशय होता. लोकमत दुभंगणार हे लेखकाला आधीच दिसत होते, आणि व्यवहाराचा हिशेबही त्याने त्याच नावात मांडून ठेवला होता.

तो हिशेब साधारण बरोबर निघाला. पॉल वाईट्झ यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर खर्च आला आणि जगभरातून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलरचे उत्पन्न झाले. ज्या मालावर वीसपट उलाढाल होते तो माल बाजारात पुन्हा पुन्हा येतो, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. २००१, २००३ आणि २०१२ मध्ये त्याचे पुढील भाग चित्रपटगृहांत आले. केवळ घरी पाहण्यासाठी काढलेले भाग निराळेच. लोकांनी नाके मुरडली हे खरे, आणि लोकांनीच तिकिटे काढली हेही तितकेच खरे. दोन्ही लोक वेगवेगळे होते असेही मानण्याचे कारण नाही.

दारावरचा पहारा

चित्रपट आला तो काळ अमेरिकेतील पालकांसाठी अस्वस्थतेचा होता. त्याच वर्षी २० एप्रिलला कोलोरॅडोमधील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले होते. मुले काय पाहतात, काय ऐकतात, यावर देशभर वाद सुरू झाला. जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि चित्रपटगृहांच्या मालकांची संघटना यांनी जाहीर केले की ‘आर’ श्रेणीच्या चित्रपटांसाठी तरुण प्रेक्षकांचे ओळखपत्र पाहिले जाईल. ‘अमेरिकन पाय’ आला तो त्यानंतर महिनाभराने.

‘आर’ या श्रेणीचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. सतरा वर्षांखालील मुलाला असा चित्रपट पाहता येतो, परंतु सोबत आई, वडील किंवा जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी. त्याच्या वरची ‘एनसी-१७’ ही श्रेणी मिळाली तर मात्र मुलाला पालकासोबतही प्रवेश नाही. आपल्याकडील ‘ए’ प्रमाणपत्राचा नियम काहीसा असाच असून तो अठराव्या वर्षापर्यंत लागू होतो. ‘अमेरिकन पाय’ला प्रथम ‘एनसी-१७’ मिळाली. काही प्रसंगांना कात्री लावून तो पुन्हा सादर केला गेला, तेव्हा कुठे ‘आर’ श्रेणी पदरात पडली. म्हणजे नियमाच्या कागदावर तरी असे गृहीत धरलेले होते की हा चित्रपट पाहताना सोळा वर्षांच्या मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर त्याचे वडील बसलेले असतील.

प्रत्यक्षात काय झाले असेल, याचा अंदाज कुठल्याही पालकाला करता येईल. त्या उन्हाळ्यात मुले दुसऱ्याच एखाद्या साध्या चित्रपटाचे तिकीट काढून आत शिरतात आणि नको त्या पडद्यासमोर जाऊन बसतात, अशा बातम्या अमेरिकन वृत्तपत्रांत येत होत्या. दारावर पहारा असला की खिडकी शोधली जाते. आज तर दारच राहिलेले नाही.

पहिल्या रात्रीचे मत

अमेरिकेत प्रेक्षकांचे मत मोजण्याची एक नामांकित पद्धत आहे. लास व्हेगास येथील ‘सिनेमास्कोर’ ही कंपनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम करते. चित्रपट प्रदर्शित होतो त्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या हाती एक छोटे कार्ड दिले जाते. आपले वय, स्त्री की पुरुष, आणि चित्रपटाला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत कोणता गुण, हे त्यावर नोंदवायचे. कंपनीचे संस्थापक एड मिंट्झ यांना या कार्डाची कल्पना कुठून सुचली, हे आपल्या वाचकांना रंजक वाटेल. ज्यू समाजात योम किप्पुर हा उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा मोठा दिवस असतो. त्या दिवशी लेखन वर्ज्य, म्हणून देणगीचा आकडा लिहावा लागू नये अशी, कडेला दुमडता येणारे तुकडे असलेली कार्डे वापरली जातात. तसेच कार्ड त्यांनी चित्रपटगृहाच्या दारात आणले.

ही पद्धत उपयुक्त आहे, पण तिची मर्यादाही उघड आहे. पोट धरून हसून बाहेर पडलेल्या माणसाचे पाच मिनिटांनंतरचे मत तिच्यात नोंदले जाते. दुकानात दिवाळीच्या संध्याकाळी गल्ल्यात किती पैसे जमले ते मोजावे, तसे हे आहे. रोकड दिसते, कोणता माल परत येणार आणि कोणती उधारी बुडणार, ते पुढे कळते. ‘अमेरिकन पाय’च्या बाबतीत खरी वर्गवारी अशीच पुढे झाली.

तेव्हाचे पक्ष

१९९९ मध्ये मते ढोबळमानाने दोन बाजूंना होती. एका बाजूचे म्हणणे सरळ होते: हा चित्रपट असभ्य आहे, मुलांच्या मनात नको ते भरवतो, आणि शाळकरी वयात असा करार करणे ही हसण्याची गोष्टच नव्हे. दुसऱ्या बाजूला केवळ टवाळ पोरेच होती असे नाही. रॉजर एबर्ट यांच्यासारख्या अमेरिकेतील नामवंत समीक्षकाने त्याला चारपैकी तीन तारे दिले. याच एबर्ट यांनी १९८२ मध्ये अमेरिकाभर गाजलेल्या ‘पोर्कीज’ या याच जातीच्या चित्रपटावर कडक टीका केली होती. एकाच माणसाने एकाला झिडकारावे आणि दुसऱ्याला बरे म्हणावे, यामागे काही कारण असले पाहिजे.

‘पोर्कीज’मध्ये शाळकरी मुले भिंतीच्या भोकातून मुलींच्या स्नानगृहात डोकावतात. त्यावर चित्रपटगृह हसले, आणि अमेरिका व कॅनडा मिळून त्या चित्रपटाने दहा कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. ‘अमेरिकन पाय’ची बाजू घेणारे म्हणत की येथे तसे नाही, येथे हसू होते ते मुलांचे स्वतःचे. जो फुशारकी मारतो तोच तोंडघशी पडतो. मुली या मुलांपेक्षा शहाण्या, स्पष्ट बोलणाऱ्या आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेणाऱ्या दाखवल्या आहेत. चौघांपैकी ऑझ हा खेळाडू मुलगा एका मुलीशी ओळख व्हावी या हेतूने शाळेच्या गायनवृंदात शिरतो, हळूहळू तिच्यावर खरोखरच प्रेम करू लागतो, आणि अखेरीस त्या कराराची कबुली तिच्यापुढे स्वतःहून देऊन त्यावर पाणी सोडतो. वात्रट कथानकाच्या पोटात ही एक बऱ्यापैकी सरळ नीतिकथा दडलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

वडिलांची खुर्ची

दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत होण्यासारखे होते, आणि ते म्हणजे जिम या मुलाचे वडील. यूजीन लेव्ही या अभिनेत्याने ते साकारले. मुलाला नको त्या अवस्थेत पाहण्याची वेळ या गृहस्थावर येते. तो ओरडत नाही, हात उगारत नाही, आईपुढे मुलाला उघडे पाडत नाही. चष्मा सावरत, शब्द शोधत, घामाघूम होत तो मुलाजवळ बसतो आणि त्या वयातील शरीराविषयी बोलण्याचा केविलवाणा प्रयत्न करतो. मुलाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झालेले असते. प्रेक्षक हसतात ते या अवघडलेपणाला. परंतु हसता हसता त्यांच्या ध्यानात येते की हा बाप मूर्ख दिसत असला तरी मुलाला सोडून पळालेला नाही.

मालिकेच्या चारही मुख्य भागांत हे वडील आहेत. २०१२च्या भागात ते विधुर झालेले आहेत, आणि आता मुलगाच बापाला एकाकीपणातून बाहेर पडण्याविषयी समजावतो. नको त्या विनोदांनी भरलेल्या मालिकेत टिकून राहिलेली गोष्ट कोणती, तर बाप-लेकांनी एकमेकांशी कसेबसे का होईना बोलत राहणे. ‘आर’ श्रेणीच्या नियमाने चित्रपटगृहात जी खुर्ची वडिलांसाठी ठेवली होती ती बहुधा रिकामीच राहिली असेल. चित्रपटाने मात्र ती आतून भरून काढली.

जिच्या नावे खर्च पडला

आता या जमाखर्चाची दुसरी बाजू. चित्रपटात नादिया नावाची युरोपातून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी आहे. ती जिमच्या घरी अभ्यासाला येणार असते. मित्रांच्या सांगण्यावरून जिम आपल्या खोलीतील संगणकाचा कॅमेरा चालू ठेवून शेजारी मित्राकडे पळतो आणि ती कपडे बदलत असताना सारे मिळून पाहतात. जिमच्या वेंधळेपणामुळे हे दृश्य साऱ्या शाळेपर्यंत पोहोचते. त्यानंतर जे घडते त्यात जिमची अब्रू जाते, आणि हसण्याचा सारा रोख त्या फजितीवर असतो. नादियाचे काय होते? ती ज्यांच्याकडे राहत असते त्यांना हा प्रकार कळतो आणि तिला मायदेशी परत पाठवले जाते. कॅमेरा लावणाऱ्याला शिक्षा नाही, पाहणाऱ्यांना नाही. २००१च्या दुसऱ्या भागात ती परत येते, तीही जिमविषयी मनात माया घेऊनच. मधल्या काळात तिला काय वाटले, हे तिला कुणी विचारीत नाही.

१९९९ मध्ये घराघरांतले इंटरनेट नवे होते, आणि हा प्रसंग बहुतेकांनी यंत्राच्या गमतीसारखा पाहिला. आक्षेप घेणाऱ्यांचाही मुख्य आक्षेप नग्नतेवर होता. आज तोच प्रसंग पुन्हा पाहणारी माणसे, त्यातही तेव्हा आवडीने हसलेली माणसे, येथे येऊन थबकतात. कारण त्यांच्या मुलींच्या शाळांत, महाविद्यालयांत, खेळाच्या मैदानांवर आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. भिंतीचे भोक, संगणकाचा कॅमेरा आणि खिशातला फोन ही एकाच वस्तूची तीन रूपे आहेत, हे ‘पोर्कीज’ आणि ‘अमेरिकन पाय’ एकापाठोपाठ आठवले की लख्ख दिसते.

आपल्या देशाचा कायदाही याविषयी निःसंदिग्ध आहे, आणि प्रत्येक पालकाने तो मुलग्यांना सांगावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ६६-ई अन्वये एखाद्या व्यक्तीच्या खाजगी अंगाचे चित्रण तिच्या संमतीविना करणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे स्त्रीला तिच्या खाजगी क्षणी चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे यासाठी पहिल्याच गुन्ह्यात एक ते तीन वर्षांची कैद आहे. पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२चा पॉक्सो कायदाही लागू होतो. मित्रांच्या गटात आलेली चित्रफीत ‘फक्त पुढे पाठवली’, हा कायद्यापुढे बचाव ठरत नाही. जिमने जे केले ते आज आपल्या घरातील मुलाने केले, तर त्याचा शेवट विनोदाने होणार नाही.

येथे त्या जुन्या वादाचा खरा प्रश्न हाती लागतो. चित्रपटात उघडेपणा किती, शिव्या किती, हे प्रमाणपत्र देणारे मंडळ मोजू शकते. हसू कुणाच्या नावे लिहिले गेले, हे त्या मोजमापात येत नाही. फुशारकी मारणाऱ्याच्या नावे लिहिलेले हसू आणि जिला काहीच माहीत नव्हते तिच्या नावे लिहिलेले हसू चित्रपटगृहाच्या अंधारात सारखेच ऐकू येते. वही उघडून नावे पाहिल्याखेरीज फरक कळत नाही.

खर्च लपवला नाही, असाही एक चित्रपट

याच जातीच्या चित्रपटाने हा हिशेब प्रामाणिकपणे मांडल्याचे उदाहरणही आहे. १९८२ मध्ये, म्हणजे ‘पोर्कीज’ गाजला त्याच वर्षी, ‘फास्ट टाइम्स अॅट रिजमाँट हाय’ हा चित्रपट आला. कॅमेरॉन क्रो या तरुण पत्रकाराने सॅन दिएगो येथील एका शाळेत विद्यार्थी म्हणून वर्षभर वावरून लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शन अॅमी हेकरलिंग या स्त्रीचे. त्यातही थट्टा आहे, सैलपणा आहे, उनाड पोरे आहेत. परंतु त्यातील स्टेसी ही पंधरा वर्षांची मुलगी मोठे होण्याच्या घाईत गर्भवती राहते. जबाबदार मुलगा डॉक्टरांच्या खर्चातील निम्मा वाटा देण्याचे आणि तिला दवाखान्यात नेण्याचे कबूल करतो. ऐनवेळी तो येत नाही. ती भलतीच जागा सांगून थोरल्या भावाच्या गाडीतून जाते; भावाला संशय येतो, आणि ती बाहेर येते तेव्हा तो दाराशी उभा असतो. तो प्रवचन करीत नाही. तिला घरी घेऊन जातो.

त्या प्रसंगात कुणी हसत नाही, आणि चित्रपट हसवण्याचा प्रयत्नही करीत नाही. दिलेला शब्द मोडणारा मुलगा आणि न विचारता पाठीशी उभा राहणारा भाऊ, या दोघांना समोरासमोर ठेवून चित्रपट पुढे जातो. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी त्याची निवड झाली. गर्भपाताविषयी आपल्या वाचकांची मते काय असतील याची जाणीव ठेवूनही एवढे म्हणता येईल की, खर्च कुणी उचलला हे लपवणाऱ्या चित्रपटापेक्षा तो उघड दाखवणारा चित्रपट मुलांना अधिक खरे काही सांगून जातो.

आवड आणि तपासणी

ज्यांनी असे चित्रपट तारुण्यात मनापासून पाहिले त्यांनी आता काय करावे? आपली आवड खोटी म्हणावी काय? याचे विचारपूर्वक उत्तर एका अभिनेत्रीने दिले आहे. मॉली रिंगवाल्ड ही १९८४च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’ आणि १९८५च्या ‘द ब्रेकफास्ट क्लब’ या जॉन ह्यूज यांच्या गाजलेल्या शालेय चित्रपटांची नायिका. एप्रिल २०१८ मध्ये तिने ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकात एक दीर्घ लेख लिहिला. आपल्या दहा वर्षांच्या मुलीसोबत ‘द ब्रेकफास्ट क्लब’ पाहताना, आपल्याच भूमिकेची चेष्टा आणि अवहेलना करणारे प्रसंग तिला खुपू लागले. तरीही याच चित्रपटांनी एकट्या पडलेल्या असंख्य मुलामुलींना आपले कुणीतरी आहे असा दिलासा दिला, हेही तिने नाकारले नाही. दोन्ही गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवल्या.

हा समतोल महत्त्वाचा आहे. जुन्या वह्यांतील चूक सापडली म्हणून कुणी पेढी जाळत नाही. चूक दुरुस्त करून बाकी पुढे ओढतो. मात्र त्यासाठी वही उघडावी लागते, आणि शेजारी मुलगी बसलेली असली की ती अधिक काळजीपूर्वक वाचली जाते.

२०१८च्याच ‘ब्लॉकर्स’ या चित्रपटाने तर जुन्या कराराची बाजूच पालटली. दिग्दर्शिका के कॅनन. येथे करार करतात त्या तीन मुली, आणि तो कळल्यावर त्यांना अडवायला रात्रभर धावतात ते तिघींचे पालक. चित्रपट वात्रटच आहे, आणि शिफारस करण्याजोगा मुळीच नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न टाळता येणार नाही. १९९९ मध्ये मुलग्यांनी तोच करार केला तेव्हा जग हसले आणि वडिलांनी समजून घेतले. मुलींनी केला तेव्हा साऱ्यांचे धाबे का दणाणले? मुलग्याला एक माप आणि मुलीला दुसरे माप, ही तक्रार आपल्या घरांतील मुलीही करतात. दोन वजने ठेवणारा दुकानदार बाजारात फार दिवस पत राखत नाही. संयम हे मूल्य असेल तर ते दोघांनाही सारख्याच शब्दांत शिकवले गेले पाहिजे.

मराठीतील एक उत्तर

हा सारा परदेशी मामला आहे, असे म्हणून बाजूला सरता येत नाही. ४ जानेवारी २०१३ रोजी प्रदर्शित झालेल्या रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक-पालक’ या मराठी चित्रपटाने हाच विषय मुंबईच्या चाळीत आणला. चाळीतील एका मुलीविषयी मोठी माणसे दबक्या आवाजात बोलतात. तिने ‘शेण खाल्ले’ एवढेच मुलांच्या कानी पडते. शेण खाणे म्हणजे काय, हे विचारले तर धपाटे मिळतात. मग ती चार मुले उत्तर शोधायला निघतात आणि जे त्यांना मिळते ते एका उनाड मुलाकडून, चोरून आणलेल्या चित्रफितींतून. पुढे मैत्रीत वितुष्ट येते, नजरा बदलतात, निरागसपणा हरवतो. अखेर चाळीतीलच एक समजूतदार काका त्यांना जवळ बसवून बोलतात.

हा चित्रपट आला तेव्हा काही पालकांना त्याचे नाव घेणेही प्रशस्त वाटले नाही, तर काहींनी तो मुलांना सोबत घेऊन पाहिला. मराठी घरांतील ही मते आणि अमेरिकेतील मते यांच्यातील साम्य लक्षात घ्यावे. तेथे जिमचे वडील, येथे चाळीतील काका. दोन्हीकडे कथेला वळण मिळते ते मोठ्या माणसाने तोंड उघडल्यानंतर.

घरात काय करावे

काही व्यवहार्य गोष्टी सांगणे उपयोगी ठरेल. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या सेवांना प्रत्येक चित्रपटावर ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ किंवा ‘ए’ असे वर्गीकरण दाखवावे लागते. ‘यू/ए १३+’ व त्यापुढील चित्रपटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय, आणि ‘ए’साठी वय पडताळण्याची व्यवस्था त्यांनी ठेवायची आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहांसाठीही ‘यूए’चे ७, १३ आणि १६ असे वयोगट झाले. या सोयी वापरल्याच पाहिजेत. बारा वर्षांच्या मुलासमोर असे चित्रपट येऊ नयेत, यात दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु कुलपाचा भरवसा किती ठेवावा, हे १९९९च्या उन्हाळ्याने दाखवलेच आहे. सोळा-सतराव्या वर्षी मुलाला मित्राचा फोन मिळतो, वसतिगृहातील सहनिवासी मिळतो, परगावचे महाविद्यालय मिळते. तेथे पालकांचे कुलूप पोहोचत नाही. पालकांशी पूर्वी झालेले बोलणे तेवढे पोहोचते. तेव्हा असा एखादा चित्रपट मुलाने पाहिल्याचे कळले, तर प्रथम ‘काय घाणेरडे पाहतोस’ असे म्हणून विषय संपवू नये. तसे म्हटले की पुढच्या वेळी तो पाहणार नाही असे होत नाही. पुढच्या वेळी तो सांगणार नाही, एवढेच होते.

त्याऐवजी एखादा साधा प्रश्न विचारावा. त्या चित्रपटात लोक कुणाला हसले? ज्याला हसले त्याने स्वतःची फजिती स्वतः ओढवून घेतली होती की कुणीतरी त्याला न विचारता पडद्यावर उभे केले होते? त्या जागी तुझी बहीण असती तर चित्रपट कसा संपला असता? या प्रश्नांसाठी शरीरशास्त्राचे ज्ञान लागत नाही, की अवघड शब्द उच्चारावे लागत नाहीत. आजोबाही विचारू शकतील, आणि आईही. वडिलांनी विचारला आणि शब्द शोधताना त्यांना घाम फुटला, तरी बिघडत नाही. मुलांना वडिलांच्या अवघडलेपणाची थोडी गंमत वाटेल, आणि वडील आपल्याशी बोलायला आले होते हेही त्यांच्या लक्षात राहील.

आपल्या घरांतील मुलांना नफा-तोटा लहानपणापासून कळतो. समोरच्याला फसवून केलेला नफा हा नफा नव्हे, हे ती गादीवर बसण्यापूर्वीच ऐकत आलेली असतात. विनोदालाही हाच नियम लावायला त्यांना शिकवता येईल. तसे झाले तर असे चित्रपट पाहण्याचा मोह त्यांना कधी होईल की नाही, याची खात्री कुणी देऊ शकणार नाही. पण पडद्यावरची नादिया मुकाट्याने मायदेशी परत जाताना ती मुले इतरांबरोबर हसणार नाहीत.